तळपायाची पट्टी

१९ नोव्हेंबर, मंगळवार. सासूबाईंच्या पायाची पट्टी बदलायचा दिवस.

पाणी उकळून गार केलं. कोपरापर्यंत हात धुतले. शिलाई मशीनवरचे ब्लाउजचे तुकडे गोळा करून पिशवीत टाकले आणि त्या जागी धुतलेलं फडकं अंथरून सामान मांडलं: सलाईनची बाटली, गॉज, न चिकटणारी जाळी, फोमची पट्टी, चिकटपट्टी, कात्री. ही कात्री वेगळी. कापडाच्या कात्रीला पट्टी कापू देत नाही आणि पट्टीच्या कात्रीला कापड.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या खाटेवर बसल्या, डावा पाय पुढच्या स्टुलावर ठेवला आणि नेहमीसारखं दुसरीकडे बघायला लागल्या. वरची गुंडाळी सोडली, फोम उचलला आणि मी थांबले. अंगठ्याच्या बुडाशी असलेली जखम कोटाच्या बटणाएवढी होती. दिवाळीच्या आधीही तेवढीच होती. कडेनं पांढरा, टणक घट्टा मात्र वाढला होता.

"काय गं, गप का झालीस?" आत्या म्हणाल्या.

"काय न्हाय. बघतेय."

"बघून भरत आसती तर आतापर्यंत भरली आसती."

त्यांचं बरोबर होतं. इतके दिवस नेमानं पट्टी बदलून जखम हलत नसेल तर कुठंतरी काहीतरी चुकत होतं, आणि ते मला त्या सकाळी शोधून काढायचं होतं. कारण दत्तजयंतीनंतर डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि अंगठा ठेवायचा की काढायचा हे तेव्हा ठरणार होतं.

जखम सापडली ती श्रावणात. फरशी पुसताना देवघरापासून न्हाणीपर्यंत तांबडे ठिपके दिसले. विचारलं तर आत्या म्हणाल्या, "कुंकू सांडलं आसंल." कुंकू पावलापावलाच्या अंतरानं सांडत नाही. मी त्यांना बसवून पाय वर करायला लावला. चालताना सगळा भार जिथं येतो नेमकं तिथं भोक पडलं होतं आणि आत बाभळीच्या काट्याचं टोक मोडून बसलं होतं. काटा कधी लागला ते त्यांना सांगता येईना. शुगरनं त्यांच्या तळपायातली जाणीव केव्हाच गेली होती. पायावर निखारा पडला तरी वास आल्यावर कळायचं.

काटा मी काढला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचं ठरवून भूमच्या बाजारातून ब्लाउजचं अस्तर आणायला गेले. परत आले तर आत्या गोठ्याच्या दारात निळ्या पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसलेल्या.

आत्यांचं माहेर मेंढपाळांचं. पावसाळ्यात मेंढरांचे खूर कुजायला लागले की ते लोक मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून कळप चालवतात. तोच मोरचूद त्यांनी घमेल्यात कालवला होता.

"मेंढरं दोन दिसात चालाय लागत्यात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मेंढरू न्हाय, आत्या."

"मेंढरू आसते तर बरं झालं आसतं. कुणी मधी बोललं तरी नसतं."

पाय ओढून बाहेर काढला तोवर जखमेच्या भोवतीची कातडी भाजल्यासारखी झाली होती. बोराच्या बीएवढं भोक आठवड्यात बटणाएवढं झालं. शेजारीण येऊन बघून गेली आणि तिनं तिचा उपाय सांगितला. हळद-तेल लावा आणि उघडी ठेवा, झाकलं की कुजतं, वारा लागला की सुकतं. आमच्याकडे जखमेबद्दल सगळ्यांचं एकच मत असतं: ती सुकली पाहिजे. मी आत्यांना एसटीत बसवलं आणि धाराशिवला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली, जखम धुतली आणि बारीक बोथट सळई आत घालून बघितली. आत्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काहीच जाणवत नव्हतं, मला मात्र ती सळई माझ्याच पायात घातल्यासारखी वाटत होती. डॉक्टर तरुण होते आणि आडपडदा न ठेवता बोलणारे होते. ते म्हणाले, "हाडाच्या जवळ आहे, पण अजून हाडाला लागली नाही. हाडात पू शिरला तर अंगठा काढावा लागेल. अंगठा गेला की चालताना भार दुसऱ्या बोटावर येतो, मग तिथं जखम. मी असे पाय एकेक बोट करून जाताना बघितलेत. शुगर ताब्यात ठेवा, जखम स्वच्छ ठेवा, आणि पायावर भार देऊ नका." औषधाच्या गोळ्या लिहिल्या आणि खास मऊ रबराची चप्पल घ्यायला सांगितलं.

पट्टी बांधायला मला सिस्टरांनी शिकवलं. मी काय करते ते त्यांनी आधी विचारलं. कपडे शिवते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुम्हाला सोपं जाईल. गिऱ्हाईक बघून कापड निवडता ना? तशी जखम बघून पट्टी निवडायची. डब्यावरचं नाव बघून न्हाय."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लक्षात ठेवलं. जखम कोरडी पडली असेल तर तिला ओल द्यायची, त्यासाठी जेल. जखमेतून पाणी फार येत असेल तर ते शोषून घेईल अशी जाड पट्टी, नाहीतर कडेची चांगली कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम रुंद होते. जखम खोल असेल तर आत ओला गॉज सैल ठेवायचा, उशीत कापूस कोंबतो तसा कोंबायचा नाही. कोरडा गॉज थेट मांसावर ठेवायचा नाही. काढताना तो नव्यानं आलेलं लाल मांस ओढून काढतो, म्हणजे आपणच भरलेलं उसवतो. कापूस तर नकोच, त्याचे धागे आत राहतात. आणि जखम सुकवायची नसते. ती ओलसर राहिली तरच आतून भरून येते. हे ऐकून आत्या म्हणाल्या, "आजवर सगळ्यांनी उलटंच सांगितलं म्हणायचं," आणि सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांच्या पायाला मोरचूद लागला नव्हता, आजी."

वास आला, लाली वर चढली, पाय सुजला, ताप आला किंवा काळं दिसलं तर पट्टी बदलत बसायचं नाही, सरळ यायचं. हेही त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

माझे मिस्टर एसटीवर ड्रायव्हर आहेत. पुण्याच्या गाडीवर गेले की तिथून फोमच्या पट्ट्या आणू लागले. चांगली वस्तू. जखमेला चिकटत नाही, पाणी ओढून घेते, वरून गादीसारखी मऊ. जखमेतला पिवळा थर गेला, लाल दाणेदार मांस दिसू लागलं, भोक उथळ झालं. दसऱ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग जखम थांबली ती थांबलीच.

म्हणून त्या मंगळवारी, नवी पट्टी लावण्याआधी, मी जुनी पट्टी खिडकीपाशी नेऊन नीट बघितली.

कपडे शिवणाऱ्या बाईला ही सवय असते. उसवायला आलेलं झंपर बघून बाई कुठल्या हातानं काम करते ते कळतं, परकर बघून ती जमिनीवर बसते की खुर्चीवर ते कळतं. फोमची गादी कडेनं जशीच्या तशी फुगलेली होती, पण अंगठ्याच्या बुडाखाली दबून कागदासारखी झाली होती. वरून गुंडाळलेल्या बँडेजवर डाग होते. पुढच्या बाजूला हळदीचा पिवळा. त्याच्या शेजारी राखाडी. कडेला हिरवट काळा. टाचेला ओल.

पिवळा देवघरातला, राखाडी चुलीपुढचा, हिरवट गोठ्यातला. ओल न्हाणीतली. अख्खं घर त्या बँडेजवर उमटलं होतं.

"आत्या, तुम्ही चालता किती?"

"मी? मी कुठं चालते? दिवाळीपासनं उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं न्हाय."

"आणि गोठा?"

"गोठा घरातच हाय की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी चालणं म्हणजे बाहेर चालणं: शेतात, बाजाराला, देवळात. घरात माणूस चालत नाही, घरात माणूस काम करतो. आणि डॉक्टरांनी सांगितलेली मऊ चप्पल आम्ही घेतली होती, ती ओसरीवर होती, नवीकोरी. चपला ओसरीवरच असतात. आमच्या घरात चप्पल घालून कुणी आत आल्याचं मला आठवत नाही. खाटेवरून न्हाणी, न्हाणीतून देवघर, देवघरातून चूल, चुलीपासून शेळ्या. आत्या दिवसभर उघड्या फरशीवर त्या जखमेवर उभ्या होत्या, आणि मी महागाची गादी रोज त्यांच्या पायाखाली चेंगरायला देत होते.

सिस्टरांना फोन लावला. "घरात पण चप्पल घालायची का?"

"घरातच जास्त," त्या म्हणाल्या. "झोपलेलं सोडून पाय जमिनीला लागला की चप्पल पाहिजे. ताई, तुम्ही सोन्याची पट्टी लावली तरी पायाखाली चेंगरून भरत नसते जखम."

फोन ठेवून मी ओसरीवरची चप्पल आणली, धुतली, पुसली आणि आत्यांच्या खाटेपाशी ठेवली. त्यांनी तिच्याकडे मांजरानं घाण करून ठेवल्यासारखं बघितलं.

"हे काय?"

"आजपासून घरात घालायची."

"घरात?"

"घरात, चुलीपाशी, सगळीकडं."

"उद्या बूट घालून भाकरी थापाय लाव."

"बूट घातल्यानं भाकरी करपत न्हाय."

"आणि देवापुढं? देवापुढं वाहाण घालून उभी ऱ्हाऊ म्या?"

"पूजा मी करते थोडे दिवस."

"म्या जिती आसताना?"

मग मी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा सांगितलं, अंगठ्याचं, दुसऱ्या बोटाचं, सगळं. आत्यांनी ऐकून घेतलं. त्या भित्र्या नाहीत. म्हणाल्या, "बोट जाईल तर जाऊ दे. म्या त्या रबराच्या वाहाणा घालून देवघरात जायची न्हाय. ह्या घरात आल्यापासनं न्हाय गेले, आता काय जायची."

वाद घालून उपयोग नव्हता. दिवसभर पहारा देणंही शक्य नव्हतं, मला ब्लाउज शिवायचे होते. त्यांनी एक दिवस माझ्या समाधानासाठी चप्पल घातली. मशीनवरून मान वर केली तर चप्पल चुलीपाशी आणि आत्या गोठ्यात. चिडले, पण चिडून मशीनची सुई मोडते, दुसरं काही होत नाही.

मी मनात ठरवलं होतं की अंगठा जायचा नाही. तेव्हा उपाय नुसता पायाला मानवून भागणार नव्हतं, तो त्यांना पटायला हवा होता.

संध्याकाळी आत्या दिवा लावायला बसल्या. बसायला त्यांनी नेहमीचा काळ्या घोंगडीचा तुकडा घेतला. तो त्यांच्या माहेरचा. त्यांच्या माहेरी देवाचं सगळं घोंगडीवर चालतं. लोकरीला विटाळ होत नाही, असं त्या लोकांचं पक्कं म्हणणं. हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. तो तुकडा बघितला आणि मला माझं कापड सापडलं.

"आत्या, घोंगडीवर पाय देऊन देवापुढं उभं ऱ्हायलं तर चालतं?"

"चालतं की. आमच्या देवाला घोंगडीच लागती."

"मग ती घोंगडी पायाला बांधली तर?"

आत्यांनी वात सारखी केली, मग वळून माझ्याकडे बघितलं. "लई वकील हायस तू."

त्यांनी नाही म्हटलं नाही. मला तेवढं पुरे होतं.

भूमच्या बाजारात चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांच्याकडून मऊ रबराचे दोन तळवे कापून घेतले, खाली कडक थर लावलेले, म्हणजे चालताना पुढचा भाग दुमडणार नाही. चामडं कुठंही नको म्हणून सांगितलं. "कुणासाठी?" काकांनी विचारलं. "देवघरासाठी," मी म्हटलं.

घोंगडी मशीनवर चालेना. जाड सुई घातली तीही मोडली. शेवटी दाभणानं हातानं शिवलं: रबराला वरून, खालून, कडेनं घोंगडी, रबर कुठंच उघडं दिसणार नाही असं. वर रुंद पट्टे, तेही लोकरीचेच, आतून सुती अस्तर, कारण लोकर घासली तर नवी जखम व्हायची. सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला. जखम जिथं टेकते तिथं मी रबरात गोल भोक पाडलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती जोडी सिस्टरांना दाखवायला नेली.

सिस्टरांनी बोट घालून बघितलं. "भोक नको. त्याची कड टोचणार. भोकात मांस फुगून जखम अजून खाली येते. हा सगळा भाग खालून तासून पातळ करा, उतरता. आणि तळवा पायापेक्षा थोडा रुंद पाहिजे, पट्टीसकट बसला पाहिजे." घरी येऊन सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं. उसवण्याचं मला काही वाटत नाही, आयुष्य त्यात गेलंय.

आत्यांनी जोडी हातात घेऊन वास घेतला, उलटीसुलटी केली.

"चामडं न्हाय ना?"

"न्हाय."

"आत काय हाय?"

"रबर."

"रबर कशाचं आसतंय?"

"झाडाच्या चिकाचं."

"झाडाच्या?" त्यांनी विचार केला. "मग काय हरकत न्हाय." सगळंच रबर झाडाचं नसतं, पण त्या खोलात मी गेले नाही. शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. "आत्याबाई, आता घोड्यावर बसायचं तेवढं ऱ्हायलं," ती म्हणाली. आत्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडाला पण एक शिवून दे म्हणते हिला."

पहिले काही दिवस त्या चुलीपाशी बसल्या की जोडी काढून ठेवायच्या आणि उठताना विसरायच्या. मी पट्टी बदलताना फक्त जुनं बँडेज त्यांच्या मांडीवर ठेवायचे. त्या स्वतःच बघायच्या. "ही राख," त्या म्हणायच्या, गुन्हा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारख्या. मग एका सकाळी बँडेज स्वच्छ निघालं. "बघ, राख न्हाय," त्या म्हणाल्या. त्यानंतर पट्टी सोडण्याआधीच त्या मान पुढं करून डाग शोधायला लागल्या. जखमेकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, पण बँडेजकडे बघायला त्यांना आवडू लागलं.

फोमही आता अंगठ्याखाली फुगलेला राहू लागला. पाणी कमी झालं तशी जाड पट्टी सोडून पातळ घेतली. जखमेचं काम कमी झालं की पट्टीचंही कमी करायचं. कडेचा घट्टा मी कापला नाही, तो मोह आवरला. ते काम डॉक्टरांचं.

दत्तजयंतीनंतर धाराशिवला गेलो. डॉक्टरांनी घट्टा काढला, सळई आत घातली, आणि ती लगेच थांबली. या वेळी मी सळईकडेच बघत होते. "उथळ झाली," ते म्हणाले. "हाड लांब राहिलं. अंगठ्याला हात लावायची गरज नाही." मग त्यांनी खाली बघितलं. "हे काय घातलंय?" आत्यांनी पाय मागं घेतला. "ती माझ्या देवाची पायताणं हायत," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी एक हातात घेऊन वाकवून बघितलं, वाकलं नाही, तेव्हा म्हणाले, "चालू ठेवा."

संक्रांतीनंतर जखम मिटली. तिथं गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी आली. डॉक्टर म्हणाले, "बंद झाली, पण ही कातडी कच्ची आहे. इथंच पुन्हा उघडते. रोज पाय बघायचा आणि जोडी सोडायची नाही." आत्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावतात तेव्हा मी सावध होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी जोडी काढून, झटकून, शेळ्यांच्या पेंडीच्या डब्यावर ठेवून दिली आणि अनवाणी देवघरात गेल्या. "झालं की काम," त्या म्हणाल्या. "किती दिस लंगडणार?" मी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठायच्या आधी मी डब्यावरची जोडी काढली. अंगठ्याखाली लोकर विरली होती आणि आतलं रबर दिसत होतं. राहिलेल्या घोंगडीचा तुकडा घेतला, दाभण घेतलं आणि तो भाग नव्यानं शिवला. आत्या उठून पाय खाली सोडणार तेवढ्यात मी तो हातात धरला. आरसा खाली धरून तळवा बघितला, टाच बघितली, बोटांच्या मधल्या फटी बघितल्या. सगळं कोरडं, बंद.

"काल झालं की बरं," आत्या म्हणाल्या.

"व्हय. आज घाला."

मी दोन्ही पट्टे बांधले. त्या पुटपुटत उठल्या आणि न्हाणीकडे गेल्या. मी मशीनवरचं फडकं काढलं आणि कालचं ब्लाउज पुढं घेतलं.